हात पोचेल तिथपर्यंत

२१ ते २६ जानेवारी २०२५ या सहा दिवसांत बडोद्यात माझ्या अमूर्त चित्रांचं पहिलं प्रदर्शन झालं. त्यानंतर बऱ्याच जणांनी, विशेषतः आमच्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या गटातल्या मंडळींनी, तेच तेच प्रश्न विचारले. टेबल कुणी बनवलं, खर्च किती आला, दिव्यांगांचं कार्ड लागतं का, प्रदर्शनाला हॉल कसा मिळतो, हात दुखत नाही का. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्याइतकी ताकद माझ्या बोटांत आहे, उत्साह नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, घडलं त्या क्रमाने.

माझ्याबद्दल जेवढ्यास तेवढं. मला लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. आजार आनुवंशिक, खांद्यांचे आणि कमरेभोवतालचे स्नायू वर्षागणिक अशक्त होत जातात. पावागडच्या पायऱ्यांवर पाय उचलेना तेव्हा पहिल्यांदा शंका आली. मग रक्तातलं सीके (स्नायू झिजले की वाढणारं एन्झाइम), ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी), जनुकीय तपासणी असं करत करत आजाराचं नाव कळायला २००९ साल उजाडलं. २०१८ पासून व्हीलचेअर. आई आणि मी कारेलीबागेत तळमजल्यावर राहतो, दादा-वहिनी त्याच सोसायटीत पलीकडच्या बिल्डिंगमध्ये. घरी बसून तीन दुकानांचे हिशेब लिहिते. कोपराच्या खाली माझे हात ठीक आहेत, सुईत दोरा ओवते. पण खांद्यातून हात उठत नाही. केस विंचरायचे तर कोपर टेबलावर टेकवून डोकं कंगव्यापाशी न्यावं लागतं.

चित्रकलेची लहानपणापासूनची ओढ वगैरे काही नव्हती. बडोद्यात वाढूनही फाइन आर्ट्स कॉलेजशी माझा संबंध तिथला नवरात्रीतला गरबा बघण्यापुरता. सुरुवात झाली ती व्यायामातून.

जून २०२२ मध्ये नव्या फिजिओथेरपिस्ट ताई घरी येऊ लागल्या. त्यांनी एक छोटी फळी आणली, खाली चार गोल चाकं, वर हात ठेवायला फोम. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात त्यावर ठेवायचा, पट्टा लावायचा आणि टेबलावरून सरकवायचा. टेबल गुळगुळीत राहावं म्हणून त्यांनी वर टाल्कम पावडर भुरभुरली. मी विचारलं, याने काय होणार? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुठल्याही डॉक्टरांनी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणींत मोजतात. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात उचलता येतो. दोन म्हणजे उचलता येत नाही, पण हाताचं वजन कशावर तरी टेकलेलं असेल तर हलवता येतो. माझे खांदे दोनवर होते. "तुम्ही हात उचलायचा नादच सोडा," ताई म्हणाल्या, "सरकवा."

मी सरकवला. डावीकडून उजवीकडे, पुन्हा उलटा. पावडरीत कमानी उमटल्या. एकाच्या आत एक, पण कोणतीच दुसरीशी तंतोतंत जुळत नव्हती, कारण दर फेरीला खांदा थोडा थकत होता आणि कमान थोडी आत येत होती. शेवटच्या दोन-तीन तर टेबलाच्या कडेशीच रेंगाळल्या. ताई पुसायला लागल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि फोनवर फोटो काढला. तो फोटो आजही आहे, आणि मोठ्या कॅनव्हासांपैकी एक सरळसरळ त्यावरून आला आहे.

ऑगस्टमध्ये आमच्या ओळखीचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक घरी आले, दांडिया बाजारात राहणारे. तोवर मी त्या फळीला मार्कर बांधून जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर कमानी काढत होते. त्यांनी एकेक कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"मधे मोकळं का सोडलंस?"

"हात पोचत नाही, सर."

"बरं. मग कागद फिरव की. देखावा काढत असतीस तर आकाश वरच लागलं असतं. इथे वर-खाली आहे कुठे?"

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. माझा हात पुढे जेमतेम चौदा इंच जातो. चारही बाजूंनी चौदा-चौदा इंच काम केलं तर छत्तीस इंची चौरसात मधला आठ इंचांचा चौक तेवढा उरतो. त्या चौकाचं काय करायचं यावर पुढे आमचे बरेच वाद झाले. सरांचं म्हणणं, लांब ब्रश घे आणि भर. मी प्लास्टिकच्या वायरिंग पाइपला ब्रश बांधून पाहिला. तो हलका असतो, टोकाला थरथरतो, आणि ती थरथर बाकीच्या चित्राशी भांडते. शेवटी बहुतेक चित्रांत मी मधला भाग आधीच एका रंगाने रोलरने भरून घेते, दांड्याचा रोलर तिथवर ढकलता येतो, आणि मग त्याला हात लावत नाही. सगळी हालचाल कडेला. प्रदर्शनात एका गृहस्थांनी त्या मोकळ्या चौकावर अध्यात्मापर्यंत जाऊन भाष्य केलं. मी मान डोलावली.

टेबलाचं काम दिवाळीनंतर झालं. कुणाला करून घ्यायचं असेल तर मापं सांगते, कारण तयार असं काही मिळत नाही. उंची अशी हवी की व्हीलचेअरमध्ये बसल्यावर कोपर काटकोनात टेबलावर टेकेल. माझ्यासाठी ती २९ इंच निघाली. पुढच्या कडेला पोटाच्या आकाराची अर्धगोल खाच, म्हणजे आणखी पाच-सहा इंच आत शिरता येतं. पाय कोपऱ्यात न घेता मागच्या बाजूला, नाहीतर चाकं अडतात. आणि मधोमध फिरती चकती. डायनिंग टेबलावरच्या फिरत्या ताटाला जी लोखंडी बेअरिंगची रिंग लागते ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते, बारा इंची. मिस्त्रींना मी कागदावर आकृती काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि "थई जशे, बेन" म्हणाले. झालंही. टेबल ६,५००, रिंग ७००, चाकांची नवी फळी ४५० रुपये. फळीची चाकं फर्निचरची नकोत, ती एकाच दिशेला अडतात. गोटीची घ्या, सगळीकडे सारखी पळतात.

रंगांचं म्हणाल तर तैलरंग मी घेतलेच नाहीत. टर्पेंटाइनच्या वासाने मला खोकला सुटतो आणि छातीचे स्नायू अशक्त असलेल्या माणसाने खोकला अंगावर काढू नये. अॅक्रिलिक पाण्यात मिसळतं, वास नाही, पण बडोद्याच्या मे महिन्यात ब्रश कागदाला टेकेपर्यंत सुकायला लागतं. त्यावर रिटार्डर नावाचं द्रव्य मिळतं, ते दोन थेंब. किंवा सरळ पहाटे काम करा. ट्यूबची झाकणं मला उघडत नाहीत. मोठ्या बाटल्या आणून त्यांना हँडवॉशचे पंप बसवले. पातळ रंगासाठी औषधाच्या दुकानातली दहा मिलीची सिरिंज, सुईशिवाय. ब्रशची मूठ जाड करायला एसीच्या पाइपवर चढवतात ते काळं फोमचं नळकांडं, फुटाला तेव्हा वीस-पंचवीस रुपये. जुनी एटीएम कार्डं रंग ओढायला उत्तम.

चित्र कसं होतं तेही सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की अमूर्त म्हणजे रंग सांडले आणि झालं. कागद सपाट पडलेला असतो, उभा नाही, त्यामुळे रंग ओघळत नाही, साचतो. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागदसुद्धा पाण्याने थोडा फुगतो आणि त्यात उथळ खळगे पडतात. रंगाचं पाणी त्या खळग्यांत जाऊन थांबतं, वाळताना रंगद्रव्य कडेकडे सरकतं आणि डबक्याला गडद किनार येते. ती किनार ब्रशने काढता येत नाही. कुठे खळगा पडेल हे मात्र थोडंफार आपल्या हातात असतं. आधी कुठे पाणी मारलं, कागद कुठे टेपने बांधला यावर ते ठरतं. किनारी वाळल्या की त्यावर मास्किंग टेपच्या पट्ट्या, त्यावर रोलरने एक झाकणारा थर, आणि टेप ओढून काढायची. टेप ओढायची हालचाल स्वतःकडे, खाली असते, तिला खांदा लागत नाही. हे सगळं एका बैठकीत होत नाही. अर्धा-पाऊण तास झाला की माझा हात जड होतो, आणि अशा आजारात थकलेल्या स्नायूला आणखी ताणणं बरं नाही. सोय अशी की तेवढ्याच वेळात थरही वाळायला ठेवावा लागतो. मी आडवी पडते, थर वाळतो.

एक कॉमर्सची विद्यार्थिनी तासाच्या हिशेबाने मदतीला येते. कागद बांधणं, पाणी बदलणं, कॅनव्हास चकतीवर ठेवणं ही तिची कामं. "म्हणजे चित्र कुणाचं?" असं मला दोनदा विचारलं गेलं आहे. गवंडी वीट वाहत नाही म्हणून भिंत कुणी हेल्परच्या नावावर लावत नाही.

या सगळ्या काळात पाहणंही चालू होतं. सरांनी अमूर्त चित्रकार नसरीन मोहम्मदी यांच्या चित्रांच्या छापील प्रती आणून दाखवल्या. नसरीन १९७२ पासून आमच्याच फाइन आर्ट्समध्ये शिकवायच्या, १९९० साली गेल्या. शाईच्या आणि पेन्सिलीच्या बारीक, समांतर, तिरक्या रेषा. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीख नाही. चेतासंस्थेच्या आजाराने त्यांचा हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता आणि त्याच वर्षांत त्या वास्तुविशारदाची अवजारं घेऊन अशा रेषा ओढत होत्या. लोक ही गोष्ट फार हळवी करून सांगतात. मी मात्र त्या प्रतींवर भिंग घेऊन आजार शोधला आणि मला तो सापडला नाही. जे दिसलं ते एवढंच, की प्रत्येक रेषेतलं अंतर कुणीतरी विचार करून ठरवलं आहे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचंही सरांनीच सांगितलं. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं त्यांनी मोठे कॅनव्हास बाजूला ठेवले आणि कागदावर शाईची लहान रेखाटनं केली. हे ऐकून मला आकाराची लाज वाटेनाशी झाली. तोपर्यंत छोटं काम म्हणजे कमी काम असं डोक्यात होतं. माझी निम्म्याहून जास्त चित्रं पंधरा बाय बावीस इंचांची आहेत, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मोठ्या कागदाचा अर्धा ताव. तो चकतीवर मावतो आणि मधला चौक उरत नाही.

२०२३ च्या जानेवारीत यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज केला. माझ्याकडे २०१० चं कागदी प्रमाणपत्र होतं, पण आता सगळीकडे हेच कार्ड मागतात, आणि ज्या हॉलवर माझा डोळा होता तिथे दिव्यांग कलाकारांना निम्मं भाडं होतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, जुनं प्रमाणपत्र आणि सही किंवा अंगठा स्कॅन करून. फाइलच्या आकाराची मर्यादा लहान असते, त्यामुळे स्कॅन आधीच छोटे करून ठेवा. नोंदणी क्रमांक येतो, तो लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर चालतं. मार्चमध्ये सरकारी रुग्णालयात मेडिकल बोर्डापुढे बोलावणं आलं. बोर्ड ठरावीक वारीच बसतो. त्या दिवशी लिफ्ट बंद होती, दादाने आणि एका वॉर्डबॉयने मला खुर्चीसकट वर नेलं. तपासणी दहा मिनिटांची, त्याआधीचं थांबणं चार तासांचं. तिथेही तेच शून्य ते पाच. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तो झाला नाही. मग पलंगावर आडवं झोपवून बाजूला न्यायला सांगितला, तो गेला. "टू," त्यांनी शेजारच्या ज्युनिअरला सांगितलं. मी मनात म्हटलं, माहीत आहे.

बोर्डाला जाणाऱ्यांना एक सांगणं. आपल्याला वर्षानुवर्षांची सवय असते, जमतंय असं दाखवायची. तिथे ती बाजूला ठेवा. सकाळी ताजं असताना एकदा जमतं ते नव्हे, तर संध्याकाळी काय जमत नाही ते सांगा. रिपोर्टच्या झेरॉक्सचे दोन संच, पाण्याची बाटली, बसायला गादी आणि सोबत एक माणूस न्या.

मे महिन्यात कार्ड पोस्टाने घरी आलं. पंचाहत्तर टक्के, कायमस्वरूपी. कार्डाचे रंग टक्क्यांवर ठरतात. चाळीस ते ऐंशीच्या मधल्यांना पिवळा. मी तेव्हा महिनोन्महिने फक्त निळ्यात काम करत होते, पण निळा ऐंशी आणि त्यापुढच्यांना असतो. या कार्डावर बसचा मोफत पास मिळतो. मी काढला नाही, बसच्या पायऱ्या मला चढता येत नाहीत. आयकरात दिव्यांगांना पंचाहत्तर हजारांची वजावट मिळते, जुन्या करप्रणालीत, ती घेते.

हॉलसाठी अर्ज जुलै २०२३ मध्ये. साधं पत्र, दहा चित्रांचे फोटो, एक पानाचा परिचय, कार्डाची प्रत, पाच हजार अनामत. हॉलच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. म्हणून अर्जासोबत मी दुसरं पत्र जोडलं. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६, कलम ४५: अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. कलम २९ मध्ये तर दिव्यांग कलाकारांना आणि लेखकांना सुविधा आणि पाठबळ देण्याचं सरळ लिहिलेलं आहे. व्यवस्थापकांनी पत्र नीट वाचलं, वाईट वागले नाहीत. म्हणाले, कायमचा रॅम्प करायला वरून मंजुरी लागेल, तुम्ही तात्पुरता आणा, आमची हरकत नाही. मंजुरीचं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. तारीख मिळाली चौदा महिन्यांनंतरची, १० ते १५ सप्टेंबर २०२४. बडोद्यात कलाकार फार आणि भिंती कमी, त्यामुळे अर्ज चित्रं तयार व्हायच्या आधीच टाकावा.

मग ऑगस्ट आला. २६ तारखेला, जन्माष्टमीच्या दिवशी, पाऊस थांबेचना आणि विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. व्हीलचेअरवाल्या माणसाला घर तळमजल्यावरच घ्यावं लागतं, आणि पुराला पहिलं लागतं ते तळमजल्याचं घर. आमच्या घरात गुडघाभर पाणी. सोसायटीतल्या चौघांनी मला पहिल्या मजल्यावरच्या एका प्रेमळ गुजराती मासींकडे पोचवलं. वीज नाही, फोनला चार्ज नाही, आणि आई सारखी खाली डोकावून विचारतेय, तुझी चित्रं, तुझी चित्रं. कागदावरची चित्रं कपाटावर होती, ती वाचली. कॅनव्हास दादाने पाण्यातून चालत जाऊन माळ्यावर टाकले. टेबलाचे पाय मात्र फुगले, प्लायचे पापुद्रे सुटले.

पाणी ओसरल्यावर वेगळाच त्रास. माळ्यावर घाईत एकमेकांना तोंड लावून ठेवलेले दोन कॅनव्हास दमटपणाने चिकटले. अॅक्रिलिकचा थर वाळलेला दिसला तरी दमट उकाड्यात मऊ पडतो. सोडवताना एकाचा तुकडा दुसऱ्यावर गेला. मध्ये बटर पेपर घाला, नेहमी. चित्रं भिंतीपासून थोडी सुटी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला. आणि तळमजल्यावर राहत असाल तर चित्रांची जागा छातीच्या वर, पहिल्या दिवसापासून. सप्टेंबरची तारीख अर्थातच गेली. हॉलच्या दोन दालनांतही ओल होती, त्यांनी स्वतःहून जानेवारी दिली आणि अनामत पुढे ओढली.

जानेवारी म्हणजे उत्तरायण, पतंगांचा सण. १४ आणि १५ तारखेला बडोद्यात कुणीही काम करत नाही, सगळं गाव गच्चीवर. फ्रेमवाले, मिस्त्री, टेम्पोवाला सगळ्यांना मी ११ तारखेची मुदत दिली आणि सगळ्यांनी काम १८ ला दिलं. फ्रेमांना काच न घेता अॅक्रिलिक शीट घेतलं; हलकं पडतं आणि फुटत नाही. रॅम्पचा हिशेब असा की एक इंच उंचीला बारा इंच लांबी. दोन पायऱ्या मिळून चौदा इंच, म्हणजे चौदा फुटांचा उतार. सात-सात फुटांचे दोन तुकडे, तीन फूट रुंद, अठरा मिमीचा प्लाय, दोन्ही कडांना दोन इंचांची पट्टी, वर खरखरीत सँडपेपरच्या पट्ट्या. त्याहून आखूड केला तर ढकलणाऱ्याचा जीव जातो आणि उतरताना आपला.

चित्रं टांगायच्या दिवशी एक मतभेद झाला. गॅलरीत साधारणपणे चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर येतो, उभ्या माणसाच्या नजरेशी. मी सांगितलं, ४६ इंच. टांगणारा मुलगा म्हणाला, बेन, सगळ्यांना वाकावं लागेल. मी म्हटलं, लागू दे. ही चित्रं बसून, वरून खाली बघत केलेली आहेत. सरांनाही ते पटलं नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी ते स्वतः एक खुर्ची घेऊन चित्रांसमोर बसले आणि मग हॉलमधून आणखी चार खुर्च्या मागवल्या. लोक बसले की थांबतात, हे मला तेव्हा कळलं. उभा माणूस अमूर्त चित्रासमोर फार तर मिनिटभर असतो.

निमंत्रणपत्रिकेवरून घरात वाजलं होतं. वहिनीचं म्हणणं, "दिव्यांग चित्रकार" असं लिहिलं तर माणसं येतील. तिचं खोटं नव्हतं. पण मग येणारा प्रत्येक जण चित्रात व्हीलचेअर शोधणार. मी नाव आणि "चित्रं" एवढंच ठेवलं. चित्रांना नावं नाहीत, क्रमांक. परिचयाच्या पानावर आजाराचा एक वाक्याचा उल्लेख आहे, कारण सपाट टेबल आणि सरकती फळी यांचं कारण ते आहे. एका वर्तमानपत्राने तरी "जिद्दीची कहाणी" छापलीच. फोटो माझा, चित्र एकही नाही. त्या बातमीने शनिवारी गर्दी झाली हेही खरं.

उद्घाटनाला चहा आणि लीलो चेवडो. "आ शुं छे?" हा प्रश्न सहाही दिवस. आधी मी कमानी, पावडर, सगळं समजावत असे. नंतर मीच विचारायला लागले, तुम्हाला कुठून बघायला सुरुवात करावीशी वाटली? एका मिठाईवाल्या काकांनी डबक्यांच्या किनारींवर बोट ठेवून सांगितलं, चाशनी कढईत अशीच कड धरते. मी हरखून गेले. त्यांनी रंग कसा सरकतो ते बरोबर ओळखलं होतं.

आता पैसे. किंमत कशी लावायची यासाठी सरांनी चौरस इंचाचा दर सांगितला, बरेच चित्रकार तसंच करतात. मी चौरस इंचाला २५ रुपये लावले. अर्धा ताव ८,२५०, चोवीस इंची चौरस १४,४००. भाड्याचा हॉल असल्याने कमिशन नाही. चार अर्धे ताव आणि एक चोवीस इंची गेलं, मिळून ४७,४००. खर्च: फ्रेमा २७,०००, भाडं ७,५००, रॅम्प ९,५००, टेम्पो ३,०००, छपाई ४,२००, चहा-चेवडा २,८००, एकूण ५४,०००. म्हणजे प्रदर्शनात ६,६०० रुपयांचा तोटा, आणि त्यात रंग-कागद धरलेले नाहीत. हिशेब लिहिणाऱ्या बाईने तो लपवू नये. फ्रेमा पुन्हा वापरता येतात, एवढं जमेला.

दरम्यान उजवा खांदा आणखी थोडा उतरला आहे. चौदा इंचांचे आता बारा भरतात. फुगलेल्या टेबलाचे पाय बदलायचेच होते, तेव्हा मिस्त्रींना सांगून चकती दोन इंच पुढे घेतली आणि खाच खोल केली. लोखंडी पाय लावले, पुढच्या पुरासाठी.

रॅम्प दादाच्या पार्किंगमध्ये भिंतीला उभा आहे. बडोद्यात किंवा आसपास कुणाला प्रदर्शनासाठी, लग्नासाठी, कशासाठीही हवा असेल तर न्या. भाडं नाही. टेम्पो तुमचा, आणि सँडपेपरच्या पट्ट्या सुटल्या तर परत आणताना नव्या लावून आणा.